साष्टीतल्या दगडांचा डेटा कुणाचा?

उत्तरकोकणी (धागाकर्ता)

मुंबईचं पुरातत्त्व म्हटलं की घारापुरी आणि कान्हेरीपलीकडे गाडी सहसा जात नाही. पण जुन्या साष्टी बेटावर, म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत, गेल्या काही वर्षांत कॉलेजची पोरं, विद्यापीठातले अभ्यासक आणि हौशी मंडळींनी पायी फिरून भरपूर नोंदी केल्यात. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड), गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड), देवळांचे सुटे खांब, पाण्याची टाकी, खापरांचे पुंजके. प्रश्न इतकाच, की या नोंदी आहेत कुठे?

कुणाच्या लॅपटॉपवर. कुणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. फार तर एखाद्या परिसंवादाच्या पीडीएफमध्ये, तिथेही तक्ता फोटो काढून चिकटवलेला, म्हणजे त्यातला आकडासुद्धा उचलता येत नाही.

सोपाऱ्याचं, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या जुन्या बंदराचं बघा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरुडराजाच्या कोटातला स्तूप उकरला. त्यात मिळालेल्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती एशियाटिक सोसायटीकडे आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच भुईगावला सापडला. स्तूपाची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. या सगळ्या गोष्टी एकाच बंदराच्या आहेत, हे कळायला तुम्हाला ते आधीच माहीत असावं लागतं! वर गंमत म्हणजे जुन्या सगळ्या नोंदींत जिल्हा ठाणे, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून सोपारा पालघर जिल्ह्यात. 'ठाणे' टाकून शोधणाऱ्याला नवी नोंद सापडत नाही, 'पालघर' टाकणाऱ्याला जुनी.

बाहेर हे काम कधीच सुरू झालंय. इंग्लंडात यॉर्कला १९९६ पासून पुरातत्त्वाच्या डिजिटल नोंदींचं स्वतंत्र भांडार आहे. युरोपातल्या अनेक देशांची भांडारं ‘एरियाडने’ प्रकल्पाने २०१३ पासून एकमेकांना जोडायला घेतली. आपल्याकडे २००७ साली स्मारकं आणि पुरावस्तूंचं राष्ट्रीय मिशन निघालं. अंदाजे ५८ लाख पुरावस्तूंपैकी १६.८ लाखांची नोंद झाल्याचं २०२३ च्या संसदीय समितीच्या अहवालात आहे.

माझं म्हणणं: मुंबई परिसरात ज्याने ज्याने सर्वेक्षण केलंय त्याने आपला डेटा, जागेच्या अक्षांश-रेखांशांसकट, ठरावीक मुदतीत एका सामायिक भांडारात टाकावा आणि तो कुणालाही पाहता यावा. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

खापरवाली

कारण हवंय ना? घ्या.

वीरगळ, गद्धेगाळ किंवा जुन्या देवळाचा चौथरा दिसला की 'याच्याखाली गुप्तधन आहे' असं मानणारे लोक महाराष्ट्रात आजही आहेत. अमावास्येला खड्डा खणतात, दगड पालथा करतात, फोडतात. आम्ही ज्या जागा नोंदवल्या त्यातल्या काहींच्या शेजारी पुढच्या वेळी ताजे खड्डे दिसलेत, आणि तेही जागा कुठेही छापलेली नसताना. तुम्ही तर नकाशावर लाल टिंब देऊन त्यांची शोधायचीसुद्धा मेहनत वाचवणार. आता स्वस्तात धातुशोधक यंत्रं मिळतात. नाणी विकणाऱ्यांचे ग्रुप आहेत. १८७८ चा निखात निधी (पुरलेलं धन) कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा दोन्ही आहेत, पण रात्री दोन वाजता माळावर कायदा उभा नसतो.

दुसरं. 'ठरावीक मुदतीत टाकावा' हे कोण कोणाला सांगतंय? यातलं बरंचसं काम सरकारी पैशाने झालेलं नाही. पदरमोड आहे, लोकलचा पास आहे, उन्हात डोकं तापवणं आहे. एखादी पोरगी दोन उन्हाळे एका टेकडीवरची खापरं वेचून, धुऊन, क्रमांक घालून पीएचडीचा तक्ता तयार करते. तो तुम्ही 'खुला' करणार, आणि ज्याने त्या टेकडीवर पाय ठेवला नाही असा कुणीतरी तिच्या आधी लेख छापणार. मग श्रेय कुणाचं?

डीपीवाचक

खापरवालीताई, श्रेयाचा मुद्दा मान्य. लुटीचा अर्धाच.

मी वास्तुविशारद आहे, परवानग्यांची कागदपत्रं रोज हाताखालून जातात. मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ ची नियमावली आहे, श्रेण्या आहेत, समिती आहे. पण वीरगळ ही इमारत नव्हे. भूखंडाच्या कोपऱ्यात पिंपळाखाली पडलेला हजार वर्षांपूर्वीचा दगड नकाशाच्या कुठल्याच थरावर नसतो. विकास आराखड्यात नाही, सर्व्हेच्या उताऱ्यात नाही, पर्यावरण अहवालात नाही. फाइलवर सही करणाऱ्याने काय बघून हरकत घ्यायची? 'कुणातरी अभ्यासकाच्या लॅपटॉपवर आहे' म्हणून?

१९३१ मध्ये शिवडी-परळ रस्त्याचं काम चालू असताना परळची ती भव्य शिवमूर्ती निघाली, आज बारादेवीच्या देवळात आहे. तेव्हा मजुरांच्या हातात पहारी होत्या, म्हणून निघाली. जेसीबीच्या बकेटला दगड आणि मूर्ती यातला फरक कळत नाही.

आणि चोर म्हणाल तर आकडे बघा. केंद्राच्या संरक्षित स्मारकांपैकी ५० हरवल्याचं संस्कृती मंत्रालयाने २०२२ मध्ये संसदीय समितीला सांगितलं. त्यातली १४ शहरं वाढल्यामुळे गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, आणि २४ चा पत्ताच लागत नाही. गुप्तधनवाल्यांनी पळवली असा रकानासुद्धा नाही तिथे. आपला खरा दरोडेखोर काँक्रीट आहे.

खापरवाली

@डीपीवाचक, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ती स्मारकं गुप्त होती का? नाही. संरक्षित होती, राजपत्रात नाव होतं, जगजाहीर होती. तरी गेली. म्हणजे जाहीर केल्याने दगड वाचतो हे गृहीतकच कोसळलं.

डीपीवाचक

नाव जाहीर होतं, जागा नव्हती. २४ स्मारकं 'सापडत नाहीत' म्हणजे काय? कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, 'अमुक गावाच्या उत्तरेस, तळ्याकाठी'. तळं बुजलं, गाव वाढलं, आणि अधिकारी हातात कागद घेऊन उत्तरेला बघत उभा. अक्षांश-रेखांश असते तर निदान कुठल्या सोसायटीच्या पार्किंगखाली गेलं एवढं तरी कळलं असतं.

नकाशेकाका

अक्षांश-रेखांश, अक्षांश-रेखांश म्हणून सगळे नाचताय म्हणून लिहितो. निवृत्त सर्व्हेअर आहे.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट (सविस्तर छापील नकाशे) एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलावर बेतलेले. तुमच्या मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. दोन्हीत पृथ्वीचा आकार आणि केंद्र थोडं वेगळं मानलंय. त्यामुळे टोपोशीटवरून वाचलेला बिंदू तसाच्या तसा गूगलवर टाकला तर मुंबईच्या आसपास तो शंभर-सव्वाशे मीटर सरकतो. जुने अहवाल टोपोशीटवरचे, नव्या नोंदी जीपीएसवरच्या. दोन्ही एकाच एक्सेलमध्ये, एकाच रकान्यात. कुठला आकडा कुठल्या पद्धतीचा हे लिहिलेलं नाही.

आता कायदा आठवा. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती पहिले १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. म्हणजे चूक बंदीच्या पट्ट्यापेक्षा मोठी! असा डेटा 'जोडून' महापालिकेला दिलात तर भलत्याच माणसाचं घर अडेल आणि खऱ्या स्मारकाला लागून टॉवर उभा राहील. वकिलांची चंगळ.

आधी प्रत्येक बिंदूपुढे तीन गोष्टी लिहा: कशावरून मोजला, कुठल्या डेटमवर (एव्हरेस्ट की डब्ल्यूजीएस-८४), किती मीटर इकडेतिकडे असू शकतो. मग जोडण्याच्या गप्पा.

बायनरीबाबू

एवढा काथ्याकूट कशाला? एक ॲप बनवू. लोकांनी फोटो काढून टाकायचा, जीपीएस आपोआप येईल, एआय ओळखेल वीरगळ आहे की गद्धेगाळ, खापर कुठल्या काळाचं. जुन्या पीडीएफ पण एआयला वाचायला द्या, एका रात्रीत एकत्र डेटाबेस. मी वीकएंडला बेसिक व्हर्जन करून देऊ शकतो, फुकट.

खापरवाली

@बायनरीबाबू, तुमच्या उत्साहाला नमस्कार, आता एक गोष्ट ऐका.

पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी जाड भांड्यांची खापरं मिळतात. वर्षानुवर्षं अहवालांत त्यांना 'रोमन अँफोरा' म्हटलं गेलं. दारूचे, तेलाचे रांजण, थेट रोमहून आलेले. त्यावर रोमन व्यापाराच्या मोठमोठ्या इमारती रचल्या. नंतर मातीचा पोत भिंगाखाली नीट तपासला तेव्हा त्यातली कितीतरी खापरं मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडच्या टॉर्पेडो जारची निघाली. बूड निमुळतं, कान नाहीत, आतून डांबराचा काळा लेप. घारापुरीलाही अशी खापरं आहेत. काळ वेगळा, व्यापार वेगळा, माल वेगळा.

आता तुमचा एआय जुन्या पीडीएफ वाचणार आणि रकान्यात काय भरणार? 'रोमन अँफोरा'. मग कुणीतरी त्या रकान्यावरून नकाशा रंगवणार, कुणी पुस्तक लिहिणार. तुमच्या एका रात्रीत पन्नास वर्षांचा गैरसमज मशीनने शिक्का मारून पक्का होणार.

उत्तरकोकणी (धागाकर्ता)

खापरवालीताई, पण ही तर माझ्याच बाजूची साक्ष झाली! तो गैरसमज दुरुस्त झाला कशामुळे? कुणीतरी कपाटं उघडून खापरं पुन्हा हातात घेऊ दिली म्हणून. ज्या अहवालात फक्त 'अँफोरा: २३' असं लिहून खापरं हरवली, तिथे आज काहीच सांगता येत नाही. काठाची जाडी, मातीचा रंग, लेप आहे की नाही, मोडलेल्या कडेचा जवळून काढलेला फोटो इतकं भांडारात असतं तर नाव बदललं तरी नोंद कामाची राहिली असती. नाव हे मत आहे, मोजमाप हा डेटा. दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा आणि मताच्या पुढे कुणाचं, कुठल्या साली हेही लिहा.

काळाचंही तेच. एक जण 'सातवाहन' लिहितो, दुसरा 'प्रारंभिक ऐतिहासिक', तिसरा 'बौद्ध काळ', चौथा 'इ.स.पू. २ रे ते इ.स. ३ रे शतक'. यंत्राच्या दृष्टीने चार वेगळे काळ. माणसाला कळतं ते यंत्राला कळावं म्हणून प्रत्येक काळनामाला त्या अभ्यासकाने धरलेली सुरुवात-शेवटाची वर्षं जोडायची, एवढंच. कुणाला आपली संज्ञा सोडायला लागत नाही.

कार्बनचौदा

काळाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. वर्षांचे आकडे लिहिले म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका.

कार्बन-१४ वरून कोळशा-हाडांचं वय काढणारी भारतातली सुरुवातीची मोठी प्रयोगशाळा आपल्या मुंबईत, टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) होती. साठच्या दशकातल्या अहवालांत 'टीएफ' ने सुरू होणारे नमुना क्रमांक दिसतात ते तिचे. पुढे ते काम अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) गेलं. राजस्थानातल्या हडप्पाकालीन कालिबंगनपासून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांपर्यंत किती जागांचा कालक्रम या क्रमांकांवर उभा आहे.

आता गोम. कार्बन-१४ चं अर्धायुष्य (तो निम्मा उरायला लागणारा काळ) ही पद्धत शोधणाऱ्या लिबीने ५५६८ वर्षं धरलं होतं. नंतर जास्त अचूक आकडा ५७३० ठरला. पण जगभर ठरलं असं, की गोंधळ नको म्हणून प्रयोगशाळांनी वय जुन्या ५५६८ वरच सांगायचं आणि खरं कॅलेंडर वर्ष अंशशोधन वक्रावरून (मोजलेलं वय आणि खरं वर्ष यांचा मेळ घालणारा आलेख) काढायचं. आपल्याकडे मात्र जुन्या अहवालांत ५७३० वर काढलेली वयं सर्रास आहेत. फरक सुमारे ३ टक्के. ४००० वर्षांच्या नमुन्यात १२० वर्षांच्या आसपास. शिवाय कुणी त्यातून थेट १९५० वजा करून 'इ.स.पू.' लिहिलंय, कुणी अंशशोधन करून 'इ.स.पू.' लिहिलंय. रकान्याचं नाव एकच.

असे दोन तक्ते जोडा आणि एकाच थरातला कोळसा दोन वेगळ्या शतकांत जाऊन बसेल. त्यावर कुणीतरी 'दोन वसाहतींमधला खंड' असा निबंध लिहील. म्हणून माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने, पण एका अटीवर: कच्चं वय, त्रुटीची मर्यादा, अर्धायुष्य, प्रयोगशाळेचा क्रमांक आणि नमुना कशाचा (कोळसा, धान्य, हाड) हे खुलं करा. 'इ.स.पू.' चा तयार आकडा नको, तो ज्याला हवा तो आजच्या वक्रावर स्वतः काढेल. वक्र दर काही वर्षांनी सुधारतो, सध्याचा २०२० चा आहे.

अर्धवटराव

+१ कार्बनचौदा. अवांतर: तमिळनाडूतल्या कीळडी उत्खननाच्या अहवालाचं काय झालं बघितलं ना? ९८२ पानी अहवाल २०२३ च्या जानेवारीत दिला, २०२५ मध्ये सुधारून द्या म्हणून परत. डेटा खुला असता तर दिल्ली आणि चेन्नईला भांडायची गरजच पडली नसती, लोकांनी थेट बघितलं असतं. सगळं राजकारण आहे हो.

संपादक

कीळडीवर स्वतंत्र धागा काढा. इथे धाग्याचा काश्मीर होऊ देऊ नका. राजकीय आशयाचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

आरेकर

मी आरेतल्या एका पाड्यावर वाढलो. वरची सगळी चर्चा वाचली. दगडांचा डेटा कुणाचा हा प्रश्न शीर्षकात आहे, पण पाड्यावरच्या माणसाला कुणी विचारल्याचं एकाही प्रतिसादात दिसलं नाही.

आमच्याकडे वाघोबा आहे. दगडावर वाघ कोरलेला, सूर्य-चंद्र, शेंदूर. वर्षातून एकदा नैवेद्य, कोंबडा. तुम्ही लोक येता, शेंदूर खरवडून बघता खाली काही अक्षरं आहेत का. फोटो, जीपीएस, निघून जाता. मग शनिवार-रविवारी कॅमेरेवाले येतात. 'हेरिटेज वॉक'. देवासमोर बूट घालून सेल्फी. तुमच्या एक्सेलमध्ये तो 'शिल्प, मध्ययुगीन, झिजलेले' आहे. आमचा तो देव आहे आणि त्याची जागा कुणाला सांगायची हे आम्ही ठरवणार.

आणि साहेब, ज्यांची घरंच कागदावर नाहीत त्यांच्या अंगणातल्या दगडाला तुम्ही कागदावर आणलंत की पुढे काय होतं? 'संरक्षित' म्हणून आम्हालाच हलवणार. जोगेश्वरीच्या लेण्याभोवती राहणाऱ्यांना विचारा शंभर मीटर म्हणजे काय ते.

डीपीवाचक

@आरेकर, हा प्रतिसाद खरंच आधी यायला हवा होता. तरी उलटा विचार करून बघा. मेट्रो, रस्ता, बोगदा आखताना तुमचा पाडा मोकळी जमीन म्हणून दाखवतात. तिथे पिढ्यान् पिढ्या पूजला जाणारा देव आहे ही नोंद अधिकृत थरावर असेल तर तुमच्या हातात एक कागद येतो.

आरेकर

कागद आमच्या हातात येत नाही, तुमच्या हातात येतो. आमची ग्रामसभा घ्या, आम्ही सांगू ते लिहा, नको म्हणू ते पुसा. मग बोलू.

कातळवेडी

रत्नागिरीहून वाचतेय. आमच्याकडचं उदाहरण दोन्ही बाजूंना टोचेल.

सड्यांवरची (उघड्या कातळी पठारांवरची) कातळशिल्पं स्थानिक मंडळींनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून शोधली. २०२२ मध्ये त्यातली काही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. शोधणाऱ्यांनी जागा लपवून ठेवल्या असत्या तर ती यादी झालीच नसती, आणि बारसूच्या सड्यावर रिफायनरीचं प्रकरण आलं तेव्हा 'इथे कातळशिल्पं आहेत' हे छातीठोकपणे सांगताही आलं नसतं. जाहीर असणं कामी आलं.

पण जाहीर झाल्यावर गाड्या आल्या. चित्रांवरून चालणं, खडूने रेषा भरणं, पाणी ओतून फोटो. चिऱ्याचा कातळ, कोरीव रेघ बोटभर खोल. दोन पावसाळ्यांत फरक दिसतो. मग गावाने दगडी कठडे घातले, पायवाट आखली, माणूस ठेवला. जिथे गाव उभं राहिलं तिथे जाहीर होणं पचलं. नकाशा टाकणाऱ्याने गावाशी बोलायचे कष्ट आधी घेतले होते की नाही, एवढाच फरक.

बायनरीबाबू

मग सोपा तोडगा: जागा धूसर करा. अमेरिकेत अनेक राज्यांच्या नोंदी जोडून जी पुरातत्त्वीय सूची केलीय तीत लोकांना जागेचा बिंदू दिसत नाही, २० किलोमीटरची चौकट दिसते. इंग्लंडातही हौशी लोकांना सापडलेल्या वस्तूंच्या सार्वजनिक नोंदीत नाजूक जागा ढोबळच दाखवतात. अभ्यासकाला परवानगी काढून पूर्ण माहिती मिळते.

नकाशेकाका

२० किलोमीटरच्या चौकटीत दादरपासून कांदिवलीपर्यंत सगळं एकाच टिंबात येईल हो! ॲरिझोनाच्या वाळवंटात ठीक आहे. इथे एका चौकटीत महाकाली, जोगेश्वरी, मागाठाणे, कान्हेरी ही लेणी आणि वर वांद्र्याचा किल्ला. एक किलोमीटर केलं तरी मोकळी जागा एवढीच उरलीय की शोधणारा अर्ध्या तासात दगडाशी पोहोचेल. मुंबईत धूसर करणं म्हणजे प्रभागाचं नाव देणं, आणि प्रभागाच्या नावावर ना संशोधन होतं ना डीपीवाचकांची हरकत.

मोडीलिपीक

सगळे जागेवर अडकलेत. जागा सोडून उरलेला ऐंशी टक्के डेटा उघडायला कोणाची हरकत आहे? उदाहरणार्थ, दगडांवर कोरलेल्या लेखांचे फोटो.

गद्धेगाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: उभा दगड, वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. उत्तर कोकणातल्या शिलाहारांच्या काळातल्या कितीतरी. लेखाची अक्षरं पावसाने झिजलेली, वर गावकऱ्यांनी ऑइलपेंट फासलेला. एका कोनातून उजेड टाकला तर 'शके' दिसतं, दुसऱ्या कोनातून आकडा. आज होतं काय, की वाचणारा आपलं वाचन छापतो, सोबत एक काळपट फोटो. त्याचा आकडा चुकलाय असं मला वाटलं तर मी काय करू? दगडाकडे जायचं, आणि तोवर दगडाला नवा रंग.

वेगवेगळ्या कोनांतून उजेड टाकून काढलेले मूळ फोटो द्या. तीस-चाळीस फोटो, हजार-बाराशे एमबी. तयार थ्रीडी मॉडेल देखणं दिसतं, पण ते करताना सॉफ्टवेअर पृष्ठभाग गुळगुळीत करतं आणि नेमकी काना-मात्रा खातं. मूळ फोटोंत चोराच्या कामाचं काहीच नाही, कारण जागा दिलेलीच नाही.

खापरवाली

मोडीलिपीक, हे पटलं. लेखांचे मूळ फोटो, खापरांची मोजमापं, कार्बनची कच्ची वयं उघडायला माझी ना नाही. जागेचा बिंदू नाही. तो नियोजन खात्याला आणि अभ्यासकाला अर्जावर, गावाच्या संमतीने. आणि पीएचडी चालू असलेल्यांना तीन वर्षांची मुदत.

@डीपीवाचक, महापालिकेच्या माणसाला बिंदू दिला आणि तो दुसऱ्या दिवशी बिल्डरकडे पोहोचला तर? हे उत्तर तुमच्याकडून हवंय. दगड नोंदवला जाण्याआधी रातोरात हलवणं बिल्डरला फार स्वस्त पडतं.

डीपीवाचक

पोहोचेल. शक्यता आहे, नाकारत नाही. म्हणूनच मला तो सगळ्यांना दिसायला हवाय. फक्त अधिकाऱ्याला दिसला तर तो एकट्याचा माल होतो. शेजारच्या सोसायटीतल्या आजोबांना, कॉलेजातल्या पोरांना, पत्रकाराला दिसला तर दगड गायब झाल्यावर कुणीतरी बोंब तरी मारेल. तुमचा दगड आज हलवला तर कुणाला कळणार आहे? तुम्हाला, पुढच्या फेरीला.

खापरवाली

बोंब मारून दगड परत येत नाही. इथे आपलं जमणार नाही.

उत्तरकोकणी (धागाकर्ता)

दोघांचं जमेल असं मलाही वाटत नाही. पण एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही: हे सांभाळणार कोण? मी 'भांडार' लिहिलं आणि सगळ्यांनी ते असल्यासारखं धरलं. एका कॉलेजच्या कपाटात सर्वेक्षणाच्या सीडी पाहिल्यात. वाचायला ड्राइव्ह नाही, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ता केला ते आता उघडत नाही. प्रकल्प संपतो, वेबसाइटचे पैसे थांबतात, पान गायब.

यॉर्कवाले डेटा घेतानाच एकदाच शुल्क घेतात, पुढे जपणं त्यांच्यावर. फाइलचे प्रकार जुने झाले की नव्यात बदलून ठेवणं हे तिथे पगारी माणसाचं काम आहे. आपल्याकडे पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची प्रणाली केली, राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तू त्यावर दिसतात. म्हणजे तंत्र आहे. सर्वेक्षणांच्या नोंदींसाठी तसं काही उभं करायचं तर खर्चाच्या अंदाजपत्रकात तो रकाना लागेल.

खापरवाली

तो रकाना आम्ही टाकतो हो. 'डेटा जतन: एक सहायक, दोन वर्षं'. पहिल्या छाननीत तोच कापला जातो, ड्रोन मंजूर होतो. ड्रोनचा फोटो उद्घाटनाला दाखवता येतो ना!

तुम्ही तो माणूस आणि त्याचा पगार आणा. मी माझी हार्ड डिस्क घेऊन येते. बिंदूंचा रकाना सोडून.